फळकुटाचा आवाज

काडीचं टोक काळं पडलेलं. पेटवून विझवलेली काडी, कारण कोरी काडी रेडिओच्या भोकात घालायला वडिलांची, म्हणजे भाऊंची, परवानगी नव्हती, गुल पेट घेईल म्हणायचे. ती तिरकी खुपसलेली, आणि तिच्या अंगाला चिकटून तांब्याची उघडी तार आत गेलेली. शेजारच्या भोकात तशीच दुसरी. विद्याधर रेडिओच्या पाठीमागे गुडघ्यांवर बसून नुसता बघत होता. उपटायच्या होत्या. दुपारी दत्ताराम भावोजी रेडिओ न्यायला येणार, आणि बहिणीच्या सासरी जाणाऱ्या वस्तूच्या पाठीत जळक्या काड्या... बरं नाही दिसत.

पण उपटल्या की संपलं. तारेचं दुसरं टोक गिटारमध्ये आहे, आणि विजेच्या गिटारचं असं असतं की आवाज मोठा करणाऱ्या पेटीशिवाय ती मुकी. सतारीसारखा भोपळा नाही, पोकळ पोट नाही, नुसतं भरीव फळकुट. ते मांडीवर आडवं घ्यायचं, उजव्या हातानं तारा छेडायच्या, डाव्या हातातला पोलादी दांडा तारांवरून सरकवायचा — आणि आवाज येणार समोरून, रेडिओच्या जाळीतून, जिथून एरवी बातम्या येतात. पहिल्यांदा आला तेव्हा कुंदाताई अजून याच घरात होती, कणीक मळत होती. तशीच पिठाच्या हातानं बाहेर आली. म्हणाली, "विद्या, हे तू केलंस?" आणि रेडिओच्या समोर जाऊन बसली, त्याच्याकडे पाठ करून. तो इथे वाजवतोय आणि ही तिकडे बघून ऐकतेय. त्याला ते फार आवडलं होतं. कुणी तोंडाकडे बघत असलं की त्याचा दांडा भलत्याच जागी जायचा.

"काढतोयस ना?" भाऊ आरामखुर्चीतून म्हणाले. पेपर खाली केला नाही.

"काढतो."

कुंदाताईला दिवस गेलेत. पहिलटकरीण, खरं तर माहेरी यायची. पण डॉक्टरनं पलंगावरून उठू नको म्हणून बजावलंय, अंधेरीहून मुलुंडपर्यंतचे टॅक्सीचे हिसके तर नाहीच नाही. मग आई तिकडे गेली. आईमागून मेतकूट गेलं, आवळ्याचं लोणचं गेलं, ताईची जुनी गोधडी गेली. आता रेडिओ. तिला येता येत नाही ना, मग माहेरच असं थोडं थोडं करून तिच्याकडे चाललंय. परवा भाऊ तिला बघून आले आणि चपला काढता काढता म्हणाले, दिवसभर आढ्याकडे बघत पडते रे पोरगी. विद्याधरच म्हणाला, रेडिओ देऊ. भाऊंच्या आधी म्हणाला. आणि म्हणून झाल्यावर आठवलं... शनिवारी कोजागिरी. वाचनालयाच्या गच्चीवर कार्यक्रम, आणि फळ्यावर खडूनं नाव: विद्याधर, विजेची गिटार. आयुष्यात पहिल्यांदा. रेडिओ हातगाडीवरून न्यायचंही ठरलं होतं.

त्यानं काडी सोडली आणि गिटार मांडीवर घेतली. आधी रेडिओ सुरू केला, पाट ओढला. पाटावर बसल्याशिवाय तारांना हात लावायची सोय नव्हती. रेडिओची वीज तारेतून उलटी यायची आणि बोटांना बारीक चिमटे काढायची. पाट लाकडी, जमिनीशी संबंध तुटतो, चिमटे बंद. ही युक्ती त्याची त्यानंच शोधलेली. भाऊ म्हणायचे, जेवायला बसलायस की वाजवायला?

सायकलीपेक्षा स्वस्त गिटार. ग्रँट रोडला एका गल्लीत वाद्यवाल्याकडे वर टांगलेली होती. दुकानदारानं काठीनं खाली काढली आणि म्हणाला, इलेक्ट्रिक आहे, जपून. रंग उकळलेल्या चहासारखा, आणि उन्हात तिरकी धरली की रंगाखाली कसल्यातरी खोक्यावरची इंग्रजी अक्षरं दिसतात, अर्धी. म्हणजे चहा नाहीतर काचसामान येऊन गेलं असणार त्या लाकडातून. डोक्यावर माडाच्या झाडाचं चित्र, तेही वाकडं. खुंट्या मेंडोलिनच्या. आणि पट्टीवर सुरांच्या जागा दाखवणाऱ्या पांढऱ्या रेघा — त्या चुकीच्या. सगळ्या नाही, पण वरच्या षड्जाची नक्की चुकलेली. रेघेवर दांडा ठेवला की सूर चढा. दोन-तीन महिने त्याला वाटत होतं आपला कानच वाईट. शिकवायला कुणी नव्हतं, विचारणार कुणाला? मग एकदा वैतागून डोळे मिटले आणि दांडा सरकवत सरकवत जिथे ताईच्या बाजाच्या पेटीतला सा मिळाला तिथे थांबला. डोळे उघडून बघतो तर रेघ केसभर नाही, चांगली बोटभर दूर. त्या दिवशी त्याला दुकानदाराचा राग यायला हवा होता. आला नाही. तेव्हापासून तो रेघा बघतच नाही.

आणि लोक काय म्हणतात, स्वस्तातला माल. अरे, काय दिलंय बघा ना स्वस्तात. तारांखालची ती पितळी डबी, आत एक चुंबक आणि केसासारख्या तारेचं भेंडोळं, कुणी बसून हातानं गुंडाळलं असेल — आणि त्यातून मींड अशी निघते, की मध्यमावरून पंचमावर जाताना मधे कुठेच पायरी लागत नाही. घसरगुंडीसुद्धा नाही. तेल ओतल्यासारखं. ओल्या हवेत खुंट्या सैल पडत नाहीत. एकदा भाऊंच्या पायात येऊन पडली, टवका उडाला, सूर हलला नाही. घरघरते, हो. सतत घरघरते, दूरवर गिरणी चालू असल्यासारखी. पण तारांवर तळवा टेकवला की घरघर दबते, म्हणून तळवा टेकवूनच वाजवायची सवय लागली. माणिक म्हणतो, तुझी स्टाईल आहे ही.

माणिक त्याच्या ऑफिसातला, घाटकोपरला राहतो. मामा बोटीवर आहे, त्यानं परदेशी गिटार आणून दिली आणि तिची आवाजाची वेगळी पेटीही. शनिवारसाठी तो लगेच म्हणाला, "माझी घे ना यार. झकास वाजेल."

"पेटी दे नुसती. गिटार माझी लावतो."

"नको रे बाबा. तुझं फळकुट चावतं. पेटी जळाली तर मामा मला जाळेल."

खरं सांगायचं तर माणिकची गिटार चांगली आहे. आपल्या गिटारहून चांगली. खोटं कशाला बोला? रेघा बरोबर, घरघर नाही, तळवा टेकवायला नको. वाजवून पाहिली. सगळे सूर जागच्या जागी लागले, आणि दोन सुरांच्या मधे इतकं शांत झालं की तो घाबरला. तिथे काय करायचं ते त्याला माहीतच नव्हतं. आपल्या गिटारवर तिथे घरघर असते, ती वाढायच्या आत पुढचा सूर घ्यायचा असतो...

"शनिवारचं काय ठरवलंस?" भाऊंनी पेपर आता खाली केला होता.

"माणिकची आहे ना."

"ती तुला आवडत नाही."

"आवडते. चांगली आहे."

"चांगली आहे हे मी विचारलं नाही. रविवारी नेला रेडिओ तर चालेल का, विचारू दत्तारामाला?"

एका आठवड्याचा तर प्रश्न. हो म्हणायचं होतं. जिभेवर आलंही होतं. पण ताई आढ्याकडे बघत पडलेली दिसली, आणि आढं कसं आहे ते भाऊंनी सांगितलं नव्हतं तरी दिसलं — कौलांच्या फटीतून उन्हाची टिकली, भिंतीवरून हळूहळू सरकणारी.

"नको," तो म्हणाला, आणि दोन्ही काड्या उपटल्या. घरघर बंद झाली. खोली एकदम मोठी वाटली.

दत्ताराम भावोजी आले ते घाम पुसतच. वेंगुर्ल्याचा माणूस, मोठ्यानं बोलणारा. "काय मेवण्या, बरा मां?" म्हणाले, पाणी प्यायले, रेडिओला प्रदक्षिणा घातली आणि पाठीमागे वाकून बघितलं. "हे काय? काड्या खंय?"

"काढल्या. तुमच्या घरी बरं नाही दिसत."

"वाट लावलीस." भावोजींनी कपाळाला हात लावला. "निघताना तीनदा सांगितलंन तुझ्या बहिणीनं. काड्या काढू देऊ नका, तशाच आणा. म्हटलं, गो, काड्या काय करायच्या तुला? तर म्हणते, विद्या येईल तेव्हा वाजवील. आता घरी गेलो की पयलो प्रश्न तोच."

भाऊ हसले. विद्याधरला हसू आलं नाही. त्यानं कोनाड्यातली काडेपेटी घेतली, दोन काड्या पेटवून विझवल्या, ती तांब्याची तार स्क्रू सोडवून गिटारच्या अंगातून काढली आणि काड्यांसकट रेडिओच्या भोकांत पुन्हा नीट बसवली. तार मागे शेपटासारखी लोंबत राहिली. "तिला सांगा, पाट काढून ठेव."

"पाट? जेवायला?"

"ती समजेल."

भावोजींनी रेडिओ मुलासारखा छातीशी धरला. टॅक्सी वळणावर गेली तेव्हा मागच्या काचेतून ती तार हलताना दिसली, किंवा दिसली असं वाटलं.

आत आला तर जिथे रेडिओ होता तिथे धुळीचा चौकोन. तो पुसायला हवा होता. त्याऐवजी तो पाटावर बसला. पाटाची आता गरज नव्हती, चावायला काही उरलंच नव्हतं, तरी बसला, गिटार मांडीवर घेतली आणि तार छेडली. काही नाही. डास गेल्याइतका आवाज. मग, का कोण जाणे, तो खाली वाकला आणि कान लाकडाला लावला, त्या अर्ध्या अक्षरांवर, आणि पुन्हा छेडली.

...आत होता. केवढा होता. खोल, गोल, रेडिओच्या जाळीतून कधी असा आलाच नव्हता. खोक्याचं लाकूड, आणि ते असं... दांडा सरकवला, मध्यमावरून पंचमावर, आणि तिथे थांबला. घरघर नव्हती, त्यामुळे घाई नव्हती. सूर बारीक होत गेला, आणखी बारीक, संपलासा वाटला तरी संपला नव्हता, आणि हे शेवटपर्यंत त्यानं आजवर कधी ऐकलंच नव्हतं, नेहमी आधीच पुढे पळाला होता.

"वाजतंय का काही?" भाऊंनी विचारलं.

"तुम्हाला ऐकू येतंय?"

"नाही."

त्यानं कान काढला नाही. शनिवार अजून होता तिथेच होता, माणिकची गिटार, फळ्यावरचं नाव, सगळं. तळवा सवयीनं तारांवर टेकायला निघाला होता. त्यानं तो वरच धरला, आणि सूर आपोआप संपायची वाट बघत राहिला.