घोडी अडली नव्हती

त्या पागेत लोक आपापले घोडे ठेवायला देत. चारा, खरारा, रोजचं फिरवणं सगळं पागेने बघायचं. धन्याने सुट्टीच्या दिवशी यायचं, गाजर भरवायचं आणि गळ्यात हात टाकून फोटो काढून घ्यायचे. बाकीचे दिवस त्यांतलेच शांत घोडे शिकवणीला असत. शिकवायला एक बाई होती, तिला सगळे मास्तरीण म्हणत. घोडा वळणावर आणण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि ही गोष्ट तिला स्वतःलाही जरा जास्तच ठाऊक होती.

ती घोड्याला आधी शब्द शिकवायची. लांब दोरी लावून रिंगणात फिरवत ठेवायचं आणि म्हणायचं, चल. दुडकी. थांब. महिनोन् महिने तेच. ‘थांब’वर तर तिचा भारी जोर. घोडा कितीही उधळलेला असो, हा शब्द कानावर पडला की चारही खूर जागच्या जागी रुतले पाहिजेत. वकीलसाहेबांची काळी घोडी, काजळी, यात सगळ्यांत पक्की होती. मास्तरीण नुसती पुटपुटली तरी तिचे कान वळायचे.

या पद्धतीत एक खोट आहे, आणि घोडेस्वारी शिकवणाऱ्या कुणालाही ती माहीत असते. शिकणारा वर बसला की शिकवणाऱ्याने हळूहळू तोंड मिटायचं. नाही मिटलं तर घोडा खालच्या माणसाचं ऐकत राहतो आणि वरचा माणूस नुसतं पोतं होतो. मास्तरीण हे दुसऱ्यांच्या पोरांना ओरडून सांगायची. तिच्या बहिणीची पोर वर बसली तेव्हा मात्र ती सोयीस्कर विसरली.

पोरीला घरात बारकी म्हणत. भित्री, हळवी, शाळेत कशातच धड नाही. वर बसली की टाच मारायला तिचा जीव होईना. मग मास्तरीण हलकेच म्हणायची, “चल.” काजळी चालू लागायची, आणि बारकीच्या तोंडावर असा उजेड पडायचा की बघणाऱ्याला भरून यावं. तीन वर्षं हेच चाललं. पोरगी घरी जाऊन सांगायची, मी नुसतं मनात आणते आणि काजळीला कळतं. आईला लेकीचं काय कौतुक! नातेवाइकांना धरधरून ऐकवायची.

मग मोठ्या स्वारी-शाळेची निवड चाचणी आली. तिथे शिक्षकाने कुंपणाबाहेर उभं राहायचं आणि तोंडातून अक्षर काढायचं नाही, असा नियम. तेव्हा कुठे मास्तरणीला आपण काय करून ठेवलंय ते दिसलं. एका सकाळी तिने मुद्दाम दातावर दात दाबून शिकवणी घेतली. काजळी रिंगणाच्या मधोमध उभी राहिली, शेपटी हलवत. बारकीने टाचा मारल्या, लगाम ओढला, गयावया केली. शेवटी तिचे डोळे डबडबले.

“मावशी, आज हिला बरं नाहीये का गं?”

खरं सांगायची तीच वेळ होती. पण मास्तरीण म्हणाली, “असेल,” आणि मग खूप हळू, “चल.”

चाचणीच्या दिवशी तिने तोंडावर ओढणी घेतली. धुळीचा त्रास होतो म्हणाली. कुंपणाच्या कडेकडेने ती घोडीच्या बरोबरीने चालत राहिली आणि ओढणीआड पुटपुटत राहिली. परीक्षक माना डोलवत होते. आई दोन्ही हात छातीशी धरून उभी होती. सगळं कसं छान चाललं होतं, आणि मास्तरणीला खरंच वाटायला लागलं की निभावलं.

शेवटी उडी होती. आडवा बांबू, कमरेएवढाच. काजळी वेग घेऊन निघाली आणि बारकीचा पाय रिकिबीतून निसटला. ती एका बाजूला कलंडली. मास्तरणीने ते पाहिलं आणि भीतीने तिच्या तोंडून जे बाहेर पडलं, ते पुटपुटणं नव्हतं.

“थांब!”

काजळीने चारही खूर रोवले. शिकवलं होतं तसंच, चोख. बारकी तिच्या मानेवरून पुढे फेकली गेली आणि बांबूच्या खांबावर आपटली.

परीक्षकांनी लिहिलं, घोडी अडली. बघणाऱ्यांनाही तेच वाटलं. घोडी अडली, पोरगी पडली, मावशी किंचाळली. कोण आधी आणि कोण नंतर, हे धरायला तिथे कुणाला सवड होती? डॉक्टरांनी सांगितलं की पोरगी वाचली, पण उजवा गुडघा यापुढे वाकणार नाही. वकीलसाहेबांनी हात वर केले. पोराबाळांना पाडणारी घोडी त्यांना नको होती, आणि दुसरं कुणी तिला घ्यायला तयार नव्हतं. पागेचे मालक म्हणाले, गाडी बोलवावी लागेल. त्या गाडीतून गेलेला घोडा पुन्हा कुणाच्या दृष्टीस पडत नसे.

मास्तरीण तडक मालकांकडे गेली. “घोडी अडली नाही. मी थांब म्हटलं, म्हणून ती थांबली. सगळी माझी चूक आहे.”

मालकांनी विचारलं, “मग तुमची भाची वर बसून काय करत होती?”

“बसली होती.”

“बरं. मी वकीलसाहेबांना हे सांगितलं की घोडी वाचेल. पण हे बाहेर फुटणार, बाई. तुमच्या बहिणीच्या कानावर दुसऱ्याकडून जाण्यापेक्षा आधी तुम्ही सांगा. उद्यापर्यंत मी गाडी थांबवतो.”

दुसऱ्या दिवशी ती दवाखान्यात गेली. सगळं बोलणं तिने मनात घोटून ठेवलं होतं. बारकी प्लास्टरमधला पाय उशीवर ठेवून शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीला सांगत होती, “हात नाही वापरायचा आजी, पाय पण नाही. नुसतं मनात आणायचं. सगळ्यांना नाही जमत ते.” म्हातारी तोंडात बोट घालून ऐकत होती.

“ये गं,” बहीण उठत म्हणाली. तिने मास्तरणीचे हात हातात घेतले. “तू ओरडलीस म्हणून हिने डोकं तरी सावरलं. नाहीतर मेलीच असती माझी पोर.”

“ताई, मला जरा बोलायचंय.”

“मावशी, आधी मला सांग,” बारकी मध्येच म्हणाली. तिचा आवाज एकदम बारीक झाला. “काजळी माझं सगळं ऐकायची ना? खरं सांग. मग त्या दिवशी का नाही ऐकलं? मी काही चुकले का?”

मास्तरीण खाटेशी उभी राहिली. पोरीपाशी आता दुसरं काय उरलं होतं? पाय गेला होता, स्वारी-शाळा गेली होती. तीन वर्षं मनातलं कळणारी एक घोडी तेवढी होती, आणि तीही ही बाई एका वाक्यात काढून घेणार होती. तिला काजळीचे वळलेले कान आठवले. तिला रडू येत होतं आणि स्वतःची किळसही येत होती.

“तू नाही चुकलीस,” ती म्हणाली. “तुझं सगळं ऐकायची ती. घोडीच उलटली.”

बारकीने सुटकेचा श्वास सोडला. मग तिच्या कपाळाला आठी पडली. “मग तिला ठेवू नका, मावशी. दुसऱ्या कुणाला पाडेल ती.”

“ऐकलंस?” बहीण म्हणाली. “एवढं होऊनही दुसऱ्यांची काळजी! सांग तुझ्या मालकांना.”

मास्तरीण बाहेर व्हरांड्यात आली आणि तिने फोन लावला.

“गाडी बोलवा,” ती म्हणाली.

“आणि तुम्ही काल जे म्हणालात ते?”

“घाबरले होते. काहीतरीच बोलून गेले.”

“ठीक आहे,” मालक म्हणाले. “ सकाळी लवकर या मग. गाडीत चढवायची आहे तिला, आणि तुमच्याशिवाय ती कुणाचं ऐकत नाही.”

“येते,” ती म्हणाली.