उगवतीची भिंत

सकुबाईच्या घरात सकाळचे ऊन कुणाला न विचारता शिरले होते. आधी ते अंगणातल्या पेंढ्याच्या उडवीवर जरा टेकले, मग पडलेल्या कुडाच्या कारवीवरून हळूच आत उतरले. सारवलेल्या जमिनीवरची बोटांची अर्धवर्तुळे त्याने एकेक करून उजळली. चुलीपाशी पोचल्यावर ते थांबले. राखेला रुपेरी कड आली, पालथ्या टोपांचे काळे बूड तांबूस दिसू लागले, आणि वर आढ्याला वर्षानुवर्षे लोंबणारी जळमटे पहिल्यांदाच उजेडात आली. या घराच्या चुलीने सकाळचे ऊन कधी पाहिले नसावे. चार दिवसांपूर्वीच्या वादळापर्यंत मध्ये भिंत होती.

ओमकार दारात उभा राहून हे पाहत होता. उजेड पाहताना कुणाशी बोलावे लागत नाही, म्हणून त्याला तो आवडे.

तो शहापूर तालुक्यात खर्डीकडच्या एका सजाचा तलाठी. नोकरीला दोन वर्षे होत आली होती, आणि कायम होण्याचा आदेश एवढ्यात निघायचा होता. आजवरचे प्रशिक्षण मोबाइलवरच झाले होते. धडा सुरू करायचा, मोबाइल टेबलावर ठेवायचा, शेवटचे पाच प्रश्न सोडवायचे, की प्रमाणपत्र हजर. अशी चोवीस प्रमाणपत्रे त्याच्याकडे होती. यंदा मात्र नियम बदलला. कायम होण्याआधी प्रत्येकाने आठ दिवस परक्या तालुक्यात जायचे, मुरलेल्या माणसाच्या हाताखाली काम शिकायचे आणि शेवटी एक खरा पंचनामा जागेवर करून दाखवायचा. ओमकारच्या वाट्याला मुरबाड आले, आणि शिकवायला आले पंढरीमामा. तलाठ्यांच्या हाताखाली तीस वर्षे कोतवाली करून निवृत्त झालेला माणूस. कोतवालाने तलाठ्याला शिकवायचे, यावर मुरबाडच्या जीपमध्ये बरोबरीची मुले पोट धरून हसली होती. ओमकारही हसल्यासारखे करून खिडकीबाहेर पाहत बसला होता.

शेवटी एक फॉर्म भरायचा होता. त्यात एक रकाना होता : या प्रशिक्षणाआधी स्वतः केलेले पंचनामे. तीनहून कमी असतील, तर आणखी पंधरा दिवस मामांबरोबर काढायचे, जुने कागद त्यांच्यासोबत जागेवर जाऊन पुन्हा तपासायचे, आणि मगच कायम. सेवापुस्तकात डाग लागणार नाही असे मामांनी दोनदा सांगितले होते. मुलांनी मात्र त्या पंधरा दिवसांचे नाव नापास ठेवले. ओमकारने रात्रीच ठरवून टाकले होते : अकरा लिहायचे. अकरा पंचनामे त्याच्या सहीने गेले होते, यात खोटे काहीच नव्हते.

आज सकुबाईच्या घराच्या पंचनाम्याला शेजारचा गणू पंच म्हणून आला होता. ओमकारने पॅडला कोरा कागद लावताच त्याने पेन मागून घेतले आणि कागदाच्या तळाशी सही ठोकली.

“इथंच ना, भाऊसाहेब? नेहमी इथंच करतो.”

ओमकारला ते नेहमीचेच होते. त्याच्याही गावात पंच आधी सही करून शेतावर जात आणि मजकूर तो खोलीवर नमुना समोर ठेवून निवांत भरी. लोकांच्या घरात उभे राहून प्रश्न विचारण्यापेक्षा ते सोपे होते. पंढरीमामांनी कागद काढून घेतला, चार घड्या केल्या आणि सकुबाईच्या हातात दिला.

“हा चुलीत घाल गो. भाऊसाहेब, दुसरा घ्या.”

त्याने दुसरा घेतला. नमुना तोंडपाठ होता, हात आपोआप चालला. लिहून झाल्यावर मामांनी सर्वांना ऐकू जाईल असे वाचायला सांगितले. दोन वर्षांत त्याने एकही कागद मोठ्याने वाचला नव्हता. मान खाली घालून त्याने एका दमात वाचले : समक्ष पाहणी केली असता घराची पश्चिमेकडील भिंत पूर्णतः कोसळलेली दिसून आली.

सकुबाई तांदूळ पाखडत होती. तिचे सूप थांबले. तिने तेवढेच परत वाचायला लावले.

“मावळतीची भिंत ती बगा, उभी हाय,” ती म्हणाली. “पडली ती उगवतीची. नायतर हा ऊन माझ्या चुलीवर कुठनं आला?”

“कागदावरचा सूर्य तिकडनं उगवत असंल,” गणू म्हणाला.

मामा हसले आणि ओमकारही हसला, या खेपेला खरोखर. सकुबाई हसली नाही. कागदावर मावळतीची लिहिलीत आणि कुणी साहेब बघायला आला, तर भिंत उभी दिसेल आणि बाई खोटारडी ठरेल, असे ती शांतपणे म्हणाली.

त्याने ती ओळ खोडली, खोडल्या जागी सही केली. मग भिंतीच्या उरल्या कुडाला हात लावून, सकुबाईला विचारत विचारत नव्याने लिहिले. लांबी पावलांनी मोजली. किती कौले फुटली ते तिने सांगितले, त्याने अंगणात जाऊन मोजली. दुसऱ्यांदा वाचताना त्याची मान वर होती. “आता बराबर,” सकुबाई म्हणाली आणि तिने अंगठा उठवला. त्याखाली गणूची सही झाली. खांद्यावरून कुणीतरी भाताचे पोते उतरवून घ्यावे, तसे ओमकारला हलके वाटले.

ओट्यावर बसून त्याने फॉर्म मांडीवर घेतला. मामा शेजारी तंबाखू मळत होते. ऊन आता चुलीवरून सरकून कोनाड्यात गेले होते. ओमकारला आपल्या अकरा कागदांवरची वाक्ये आठवली. त्यातल्या नऊ घरांची पश्चिमेकडील भिंत पडली होती.

रकान्यात त्याने शून्य लिहिले. अकरापैकी एकही पंचनामा त्याने केलेला नव्हता.