पांढऱ्या चौकोनातल्या अकरा नोंदी

मित्रांनो, लकडगंजात रक्त चढवण्याचं एक छोटं केंद्र आहे. त्याच्या जिन्याखाली फिनाइलच्या बाटल्या, एक तुटकी व्हीलचेअर आणि एक काळी पेटी पडलेली आहे. ती पेटी म्हणजे मी. माझ्यावरच्या धुळीत कुणीतरी बोटानं 'खराब' असं लिहून ठेवलं आहे. मी खराब नव्हतो. पण तसं ठणकावून सांगायला मला तोंड नाही, म्हणून माझी हकीकत तुम्हालाच सांगतो.

सीताबर्डीवरच्या एका दुकानात मला एकेक भाग जुळवून तयार केलं. माझी पहिली नोकरी गांधीबागेत, साड्यांच्या ठोक दुकानात. साड्यांचा कुठला गठ्ठा कुठल्या फळीवर आहे, एवढंच लक्षात ठेवायचं. पुढे शेटजींनी नवा कॉम्प्युटर घेतला आणि मला या केंद्राला दान केलं. दान दिलं की देणाऱ्याला बरं वाटतं. मलाही वाटलं. आता आपल्या हातून लेकरांचं काही भलं होईल, असा माझा भोळा समज.

केंद्रात थॅलेसेमियाची मुलं येत. या मुलांच्या अंगात पुरेसं रक्त तयार होत नाही, म्हणून दर तीन आठवड्यांनी ते बाहेरून द्यावं लागतं. कुणाची तारीख कधी, पलंग कुठला, रक्तदाता कोण, हे सगळं माझ्यातल्या एका दिनदर्शिकेत ठेवायचं ठरलं. दिनदर्शिका एकच, पण प्रत्येकाला ती मोबाइलवर आपापल्या गरजेप्रमाणे दिसायला हवी. त्यासाठी मोबाइलवरची वेगवेगळी पानं आखायचं काम मिनलकडे आलं. मी झालो सर्व्हर, म्हणजे सगळ्यांना आपापलं पान वाढणारा.

मिनल नुकतीच इंजिनिअर झाली होती. आठवडाभर ती केंद्रात कोपऱ्यात बसून नुसती बघत राहिली. सिस्टरचे हात कायम गुंतलेले, म्हणून त्यांच्या पानावर तिनं मोठी अक्षरं आणि अंगठ्याएवढी बटणं ठेवली. रक्तदात्याच्या पानावर दोनच बटणं, 'येतो' आणि 'जमत नाही'. आयांच्या पानावर मुलाचं नाव, तारीख, एक लाल फुगा, आणि फुग्याखाली पांढरा चौकोन. 'मूल कसं आहे? इथे लिहा.' लिहून बोट दाबलं की हिरवी टिक यायची आणि खाली अक्षरं उमटायची, 'नोंद मिळाली'. आईची नोंद त्याच क्षणी सिस्टरच्या पानावर जायची. हा चौकोन मिनलचा सगळ्यात लाडका होता.

केंद्राचे व्यवस्थापक जितेंद्र सर. त्यांनी सगळी पानं पाहिली, कौतुक केलं, चहा मागवला. सिस्टरच्या पानावर आयांच्या नोंदी दिसल्या तेव्हा मात्र कप खाली ठेवला.

"हे नको. एकशेवीस आया आहेत आपल्याकडे. एक लिहीन पोराले शिंक आली, दुसरी लिहीन जेवत नाही. सिस्टर दिवसभर तेच वाचत बसन का?"

मिनल म्हणाली, मग चौकोनच काढून टाकते.

"चौकोन काहून काढून राहिली? राहू दे न. लिहिलं का आयांले बरं वाटते. फक्त आमच्या पानावर नको आणू."

मिनलनं कळफलक पुढे ओढला. माझ्या आज्ञावलीतल्या दोन ओळी पुसल्या. नोंद घ्यायची, टिक द्यायची, कुणाला दाखवायची नाही, अशी आज्ञा मला मिळाली आणि मी ती पाळली. मी दुसरं काय करणार? दुकानात साडी नसेल तर नाही म्हणत होतो. इथे पहिल्यांदाच मला खोटं बोलायला शिकवलं.

उद्घाटनाला मला हळदकुंकू लागलं, पुढ्यात नारळ फुटला. पाहुणे येऊन बघून गेले. फोन कमी झाले म्हणून जितेंद्र सर खूश. भिंतीवर कागद लागला, 'फोन करू नये. मोबाइलवर नोंद करावी.' बिचाऱ्या आया करत होत्या.

त्यांतली एक खापा गावची माया. बी.कॉम. झालेली. तिची वेदिका सहा वर्षांची. रोज सकाळी माया लेकीची पापणी खाली ओढून आतली लाली बघायची, नख दाबून रंग परत यायला किती वेळ लागतो ते मोजायची. एकदा ती तारखेच्या चार दिवस आधीच लेकीला घेऊन आली होती. रक्त मागवलेलं नाही, तारीख नाही, असं सांगून तिला परत पाठवलं. मायानं लेकीला मांडीवर घेतलं आणि खाप्याची बस धरली. तेव्हापासून तारखेआधी न येण्याचा नियम तिनं मोडला नाही. ती चौकोनात लिहायची, परीक्षेच्या पेपरासारखं नीट.

एप्रिलमध्ये तिची पहिली नोंद आली. 'वेदिका घराच्या तीन पायऱ्या चढताना दोनदा बसली. तारखेला नऊ दिवस आहेत. आधी मिळेल का?' मी टिक दिली. दुसरी, 'पापणीच्या आतली लाली गेली आहे.' टिक. चौथी, 'ताप आहे. इथले डॉक्टर म्हणतात, रक्ताचं तुमच्या केंद्राला विचारा.' टिक. सातवी, 'कृपया कोणीतरी उत्तर द्या.' त्यालाही मी टिक दिली, मित्रांनो. तेवढीच हिरवी, तेवढीच गोंडस.

मग न राहवून मायानं फोन लावला. काउंटरवर पायल होती. नोंदी कुठेच जात नाहीत, हे तिलाही कुणी सांगितलेलं नव्हतं.

"चौकोनात लिहिलं न ताई? टिक आली न? मंग पोचलं समजा. बोलावतीन तुम्हाले."

माया वाट बघत राहिली. अकरावी नोंद सोमवारी सकाळची. 'हाक मारली तरी डोळे उघडत नाही. आम्ही निघालो.'

वेदिका वाचली. मोठ्या दवाखान्यात सहा दिवस काचेच्या खोलीत राहून वाचली. पण रक्त कमी असताना धावून धावून तिचं काळीज थकलं होतं. आता ती दहा पावलं चालून थांबते. औषध कायमचं लागलं आहे.

महिन्याभरानं माया केंद्रात कागद न्यायला आली. फाइलवर लिहिलेलं होतं, 'पालकांनी वेळेवर कळवले नाही.' ते तिनं दोनदा वाचलं. मग मोबाइल काढून जितेंद्र सरांसमोर धरला. अकरा नोंदी, अकरा टिका.

सर म्हणाले, "ताई, आमच्याकडे काहीच आलं नाही. मशीन जुनं आहे, गिळून टाकलं असन त्यानं."

मिनल तिथेच, माझ्यासमोर बसली होती. सकाळीच तिनं माझ्यातून त्या नोंदी शोधून काढल्या होत्या. अकराच्या अकरा पडद्यावर उघड्या होत्या. मायानं तिच्याकडे पाहिलं.

"मशीन खराब होतं, तं ह्या टिका कोणी देल्या?"

मिनलनं हात पुढे केला. मला वाटलं, आता ती पडदा मायाकडे वळवणार. मी इतकी वर्षं चाललो, पण कशाची अशी वाट बघितली नव्हती. तिनं पडदा बंद केला.

"जुनंच होतं, ताई," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी जिन्याखाली आलो. वर नवं चकचकीत यंत्र आलं. पानं मात्र जुनीच त्यात भरली. तोच लाल फुगा, तोच पांढरा चौकोन.

माझ्यासमोर एक बाक आहे. आता वेदिकेचा रंग उतरला की माया तारीख बघत नाही. लेकीला घेऊन येते आणि सिस्टर समोर येऊन ऐकेपर्यंत बाकावरून हलत नाही. तिला भांडकुदळ म्हणतात, हे तिला माहीत आहे. परवा तिच्या शेजारी एक नवीन आई बसली होती. मांडीवर तान्हं, हातात मोबाइल.

"कोणाले लिहून राहिली वं?" मायानं विचारलं.

"केंद्राले, ताई. हा मघापासून लयच सुस्त आहे. पोचलं पण, टिक आली."

माया उठली. तिनं त्या बाईच्या हातातला मोबाइल हळूच तिच्या पिशवीत टाकला.

"टिकेले राहू दे. लेकराले घे अन् आत चाल. तोंडानं सांग. मी आहे संगं."

मित्रांनो, माझी धूळ पुसा असं मी म्हणत नाही. माझी पंगत आता उठली. पण उद्या मोठे होऊन तुम्ही कुणासाठी असं पान आखाल, तेव्हा आईला लिहायला जागा दिलीत तर ते वाचायला माणूसही द्या. माणूस नसेल तर जागा देऊ नका. मग आई निदान उठून केंद्राकडे चालू तरी लागेल.

त्या अकरा नोंदी अजून माझ्यात आहेत, तारीख-वेळेसकट. वायर जोडून विचारा. मी एकही गिळलेली नाही.