बारावी फळी

"तीन... ही चौथी... अगं घाई कशाला? समुद्र काय आत्ताच चढून येतोय व्हय?"

गेन्रोकू आजा बांधाच्या दारापाशी मांडी घालून बसला होता आणि इसोए एकेक फळी आणून त्याच्या गुडघ्याशी टेकवत होती. आजा फळीच्या टोकावरून हात फिरवायचा, बोटानं टकटक करायचा आणि मोठ्यानं आकडा म्हणायचा. कुरोसे गावात हे दरवर्षीचं होतं. गावाभोवती दगडी बांध, बांधाला होड्या वर ओढायला ठेवलेलं एक दार, आणि तुफान आलं की त्या दाराच्या दोन्ही खाचांत एकावर एक बारा फळ्या सोडायच्या. एरवी या फळ्या पाळीपाळीनं एकेका घराच्या पडवीत राहायच्या, आणि यंदा पाळी इसोएची होती. वसंतापासून दोनशे दहावा दिवस उजाडायच्या आत त्या मोजून बघायच्या, कारण त्यानंतर समुद्राचा काही नेम नसतो.

तीस वर्षं गेन्रोकूच मोजत आला होता. पाच वर्षांपूर्वी त्याचे डोळे गेले, पण मोजणी काढून घ्यायचं कुणाच्या जिवावर आलं नाही. कोण म्हणणार म्हाताऱ्याला, की आजा आता तुमी उठा म्हणून?

"अकरा," आजा म्हणाला. "आन बारावी?"

बारावी नव्हती. इसोएनं क्षणभर इकडंतिकडं बघितलं, पहिलीच फळी उचलली आणि वळसा घालून पुन्हा त्याच्या हाताखाली धरली.

आजानं हात फिरवला. पुन्हा फिरवला. "ही वळखीची वाटतीया गं."

"सगळ्या एकाच झाडाच्या हायत, आजा. बहिणी-बहिणी दिसनारच की सारख्या."

"खरं हाय ते," म्हणून म्हातारा हसला. "बारा. भरल्या बग." मग आपल्या तांबड्या गाईला हाक मारली. आका नाव तिचं. आजानं तिची दोरी धरायची आणि तिनं त्याला शेतात न्यायचं, घरी आणायचं. गावातली पोरं म्हणायची, आजाचे डोळे चार पायांवर चालतात.

बारावी फळी कुठं होती ते एकट्या इसोएला ठाऊक होतं. ती तिच्या न्हाणीत होती. चैत्रात तिच्या न्हाणीतल्या, आत उतरून बसायच्या लाकडी पिंपाचं झाकण कुजलं. नवरा मासेमारीच्या मोठ्या बोटीवर, दहा महिने घरी नाही. सुतार दोन डोंगर ओलांडून. आणि न्हाणं काही तिच्या एकटीचं नव्हतं. कुरोसेत रोज प्रत्येक घरी पाणी तापवत नाहीत, आज एकीकडं, उद्या दुसरीकडं, आणि शेजारपाजार तिथंच येऊन अंग शेकून जातो. झाकण नाही म्हणजे पाणी निवणार आणि बायका तोंडावर बोलणार. पडवीत चांगली जाड फळी पडलेली, दारात सगळ्यांत वर बसणारी. ती फळी ओली झालेली गावात कुणीही बघितलेली नव्हती. "बारावी नुस्ती शोभेची," असं लोक हसत म्हणायचे. इसोएनं करवत घेतली, तीन तुकडे केले आणि जोडले. पाच महिने अख्खं गाव त्या झाकणाला हात लावून न्हाऊन गेलं. कुणाला ओळखू आलं नाही.

दोनशे दहावा दिवस कोरडा गेला. पण त्यानंतर आठव्या दिवशी समुद्राचं वागणं बदललं. वारा पडलेला, पानही हलत नाही, आणि लांबून एकेक जाडजूड लाट येऊन किनाऱ्यावर धाडकन आपटतेय. मध्ये मोठी शांतता, मग पुन्हा धाडकन. चुलीवरची भांडी त्यानं थरथरायला लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी आभाळ तांब्याच्या रंगाचं झालं, आणि दुपार व्हायच्या आत वाऱ्यानं कौलं उचलायला सुरुवात केली.

होड्या वर ओढल्या. यासुजी, इसोएच्या शेजारचा, धिप्पाड आणि तोंडाळ गडी, फळ्या खाचांत सोडत होता आणि इसोए त्याला एकेक आणून देत होती. पाऊस आडवा येऊन तोंडावर खड्यांसारखा बसत होता.

"अकरा!" तो ओरडला. "बारावी आण!"

"न्हाई!"

"न्हाई मंजी? आज्यानं बारा मोजल्या की!"

तेव्हाच सांगायचं होतं. धावत जाऊन झाकणाचे तुकडे आणून ठोकले असते तरी काही जमलं असतं. पण यासुजीच्या त्या तोंडाकडं बघून इसोएच्या जिभेला लाज आडवी आली, आणि लाज वाट सोडेना तेव्हा खोटं पुढं धावलं.

"आज्याला दिसतंय काय? त्यानं मोजल्या, त्यालाच ठावं!"

"घोडा बांधला, शेपूट ऱ्हायलं!" यासुजी थुंकला. "चला, वर चला. अकरा बास हायत!"

सगळं गाव टेकडीवरच्या देवळाकडं निघालं. म्हातारी-कोतारी, पाठीवर पोरं, डोक्यावर तांदळाची गाठोडी. गेन्रोकू आजाचं घर बांधाच्या दारामागंच, गावातलं सगळ्यांत खालचं. यासुजीनं त्याचा हात धरला, तसा तो थबकला.

"आकाला सोडू का? न्हाईतर ऱ्हाऊ दे. चढावर तिचा पाय घसरंल." आणि मग स्वतःशीच मान हलवून म्हणाला, "बारा फळ्या हायत. मी सोताच्या हातानं मोजल्यात. काय हुत न्हाई तिला."

इसोए त्याच्यापुढं चार पावलांवर होती. तिनं ते सगळं ऐकलं. आणि ती चढत राहिली.

देवळाच्या ओसरीवरून समुद्र दिसत नव्हता, नुसता पांढरा धूर दिसत होता. मग त्या धुरातून एक भिंत उठली. लाट म्हणावी अशी ती नव्हतीच, टेकडीच चालत आली. बांधावर आदळली तसा पायाखालचा दगड हलला. पहिली थोपली. दुसरी थोपली. तिसरी दाराच्या अकरा फळ्यांवरून एक वीतभर आत आली. वीतभर म्हटलं तर वीतभर, पण समुद्राची वीत ती. दारातून पाण्याचा लोट सुटला आणि खालच्या आळीवर पसरला. वाऱ्याचा आवाज एवढा की गाय हंबरली असेल तर ती कुणाला ऐकू आली नाही.

संध्याकाळच्या आत सगळं ओसरलं. आका गोठ्यातच होती, खुंट्याला. आजानं तिच्या मानेवरून हात फिरवला, मग कपाळावरून, मग शिंगावरून. बराच वेळ बसला. आणि इसोएसकट जमलेल्या सगळ्यांपुढं म्हणाला,

"गावा, मला माफ कर. माझ्याच हातानं चूक झाली. अकराला मी बारा म्हनलो."

लोकांनी समजूत घातली. "आजा, वय झालं. हुतंय असं." म्हणजे सगळ्यांनी मान्यच केलं की! शेतात खारं पाणी शिरलं, तीन घरांचं धान्य नासलं, आणि ते सगळं एका आंधळ्या म्हाताऱ्याच्या बोटांवर जाऊन बसलं. चौथ्या दिवशी कळलं की आजा शहरात लेकीकडं चाललाय, कायमचा. गाठोडं बांधून झालंय.

त्या चार दिवसांत खालच्या आळीतल्या एकाही न्हाणीला चूल उरली नव्हती. म्हणून सगळं गाव इसोएकडंच न्हायला यायचं. चिखलानं माखलेले लोक झाकण उचलायचे, गरम पाण्यात उतरायचे आणि आतून म्हणायचे, "इसोए, देव तुजं भलं करो!" ती बाहेर चुलीत लाकडं सारत बसायची.

आजा जायच्या आदल्या दिवशी, दिवेलागणीला, न्हायला आला. ती भिंतीबाहेर, तो आत.

"पानी कसं हाय, आजा?"

"झ्याक." मग लाकडावर टकटक ऐकू आली. "झाकान बी झ्याक हाय. चांगलं जाड लाकूड हाय. कुटनं आनलंस?"

इसोएनं हातातलं लाकूड खाली ठेवलं.

"आजा, ती बारावी फळी हाय. चैत्रात म्याच कापली. तुमी चुकला न्हाई. पैलीच फळी म्या दोनदा तुमच्या हाताखाली धरली."

आतला पाण्याचा आवाज थांबला. चुलीत एक ओलं लाकूड सूं सूं करत होतं.

"मंजी मी बराबर मोजत हुतो?"

"बराबर."

"आन आकाला सोडू का म्हनलो, तवा तू कुटं हुतीस?"

"तुमच्या म्होरं."

"ऐकलंस?"

"ऐकलं, आजा."

इसोएला वाटलं, म्हातारा रडतोय. पण आतून आला तो आवाज करवतीसारखा कोरडा होता.

"लाकूड घाल. पानी निवाय लागलंय." थोड्या वेळानं तो बाहेर आला, भिंतीला हात लावून उभा राहिला. "मला सांगून तुझं पोट हलकं झालं. माझं काय झालं? मला सांगतीस व्हय, भिंतीआडनं! उद्या उजेडात सांग, समद्यांच्या तोंडावर."

दुसऱ्या दिवशी गाव बांधाचं दार दुरुस्त करत होतं, तिथं जाऊन तिनं सांगितलं. दोनदा सांगावं लागलं. यासुजीनं हातातली कुदळ टाकली. "आन माझ्या तोंडावर म्हनालीस की, त्यालाच ठावं म्हनून!" बायकांनी पदर झटकावा तशी अंगं झटकली. "आमी रोज त्या झाकनाला हात लावत हुतो गं, बाई!" मारलं कुणी नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्या संध्याकाळी तिनं पाणी तापवलं, अंधार पडेपर्यंत वाट बघितली. एक माणूस आला नाही. दुसऱ्या संध्याकाळीही पाणी तसंच निवलं.

तिसऱ्या दिवशी उजाडताना दारावर काठी आपटली. गेन्रोकू आजा. खांद्यावर कुदळ, पाठीवर गाठोडं नाही.

"रताळी खाऱ्या मातीत कुजायच्या आत उकरायची हायत. गाय न्हाई. चल म्होरं."

इसोए कमरेला पट्टा आवळून बाहेर आली. म्हाताऱ्यानं तिच्या पट्ट्याचं टोक मुठीत धरलं. आळीतून जाताना दारादारांत लोक उभे राहून बघत होते. लाजेनं तिची मान खाली, आणि पाय आपोआप भराभरा पडायला लागले. पट्टा मागं ताणला गेला.

"हळू चाल की," म्हातारा मागून खेकसला. "आका अशी वढत न्हवती."