बारीक सुईची बाजू

सासरेबुवांना कॅन्सर नव्हता. फुप्फुसातली गाठ जुन्या जंतुसंसर्गाची निघाली, गोळ्यांनी विरघळेल अशी. पण हे तुम्हांला कोणी सांगितलेलं नाही. अजून सासरेबुवा खोकताहेत, घरात कोणाला काही ठाऊक नाही, आणि जावईबापूंची मान ताठ आहे.

जावई छातीच्या रुग्णालयात डॉक्टर. फुप्फुसातली गाठ तपासायला बारीक सुई बरी की जाड, यावर तो प्रबंध लिहीत होता. बारीक सुईतून नुसत्या पेशी येतात, जाड सुईतून दोऱ्याएवढा तुकडा. विभागप्रमुख मॅडमचा भरवसा जाड सुईवर. जावई मात्र बारीक सुईच्या बाजूनं असा भांडे, जणू ती त्याची धाकटी बहीण होती आणि तिला स्थळं येत नव्हती. खरोखर येतच नव्हती. पेशंट सगळे मॅडमकडे जात.

अशात सासरेबुवांच्या छातीत गाठ दिसली. फोटो बघून मॅडम म्हणाल्या, ही कॅन्सरसारखी वाटत नाही, पण खात्री करायला तुकडाच लागेल, जाड सुई घाल. जावयानं मान डोलावली आणि बारीक घातली. सासरेबुवा स्कॅनच्या टेबलावर पालथे पडून नर्सला सांगत होते, की सुई आमच्या जावयांच्या हातात आहे, काळजीचं कारण नाही.

रिपोर्ट आला : पेशी संशयास्पद, निश्चित निदान शक्य नाही. जावयानं 'संशयास्पद' वाचलं आणि तिथंच थांबला. बारीक सुईनं पकडलं. घरी कॅन्सर आहे म्हणून सांगताना त्याला चेहरा मुद्दाम पाडावा लागला. बायको रडत होती, म्हणून निभावलं.

सासरेबुवांनी जायची तयारी मनावर घेतली. सासूबाईंना जवळ बसवून म्हणाले, तुझे वडील गेले तेव्हा मी आलो नाही; मला रजा नाकारली नव्हती, मी मागितलीच नव्हती. सासूबाईंनी औषधं कधी काय द्यायची ते मुलीला समजावलं, पिशवी भरली आणि त्या जावयाच्या घरी राहायला आल्या. त्याच्या अभ्यासाच्या खोलीत. प्रबंध आता स्वयंपाकघरात, ओट्यावर लिहावा लागे.

उपचार सुरू करायचे तर खात्री हवी, म्हणून मॅडमनी स्वतः जाड सुई घातली. मग काय निघालं ते तुम्हांला आधीच सांगितलं होतं, ते आता ऐकायला हरकत नाही.

जावई बातमी घेऊन गेला तेव्हा सासरेबुवा एकटेच, शर्टाचं बटण चुकीच्या काजात घालून बसले होते. ऐकून त्यांना आनंद झाला नसावा. बराच वेळ ते बटणाशी झटत राहिले. मग विचारलं, "जावईबापू, ही जाड सुई आधीच का नाही घातलीत?"

खोटं बोलायला जावयाकडे चांगलं शास्त्रीय कारण होतं. ते बाजूला ठेवून तो खरं बोलला.

"बारीक सुईला पेशंट कमी पडत होते."

"असं होय," सासरेबुवा म्हणाले. "मग सांगायचंत की. शेजारचे आणले असते."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी उलट सासूबाईंचं विचारलं, ती जेवते ना नीट. जावई हो म्हणाला आणि जिना उतरताना पुरता शरमेनं मेला. बातमी कळल्यावर सासूबाईही फक्त "बरं झालं" म्हणाल्या आणि खोलीचं दार लावून घेतलं.

त्यानं ओट्यावर बसून अर्ज लिहिला :

"मा. संशोधन समिती, बारीक सुईच्या दुष्परिणामांत छातीत हवा भरणे व रक्तस्राव यांखाली 'रुग्णाची पत्नी घर सोडून जाणे' हा दुष्परिणाम समाविष्ट करावा. सुईस दोषमुक्त करून दोष अर्जदाराच्या नावे नोंदवावा. तसेच, सासूबाईंच्या कानांत गेलेले एक वाक्य समूळ बाहेर काढू शकेल अशी सुई, जाडी कितीही असो, विभागास तातडीने मंजूर व्हावी, ही नम्र विनंती."