सरव्याचा हक्क

“बवाजाच्या अंगी कोणता गुण दिसतो? एका शब्दात सांगा, भिकाबाई,” प्रोफेसर हरिचंद म्हणाले आणि टाक दौतीत बुडवून थांबले.

हिंगोलीच्या मिशन बंगल्याच्या ओसरीवर परीक्षा चालली होती. विद्यापीठानं बायबलचा अभ्यासक्रम खेड्यांपर्यंत आणला होता आणि त्याच्या पाठोपाठ नियमही आला होता. यापुढे गावात शास्त्र शिकवायचं ते पास झालेल्यांनीच. कुरुंद्याची भिकाबाई अठरा वर्षं बायांचा वर्ग घेत आली होती. तो वर्ग आता या एका शब्दावर अडला होता.

उत्तराचा शब्द पुस्तकात छापील होता: दानशूरपणा. परक्या गावात आलेली विधवा रूथ बवाजाच्या शेतात सरवा वेचते, म्हणजे कापणीनंतर पडलेली कणसं गोळा करते, आणि मालक तिला वेचू देतो. पाळक सटवाजीनं हे उत्तर भिकाबाईकडून दहादा घोकून घेतलं होतं.

“दान काहून म्हनायचं, साहेब?” भिकाबाई म्हणाली. “शेताचे कोपरे कापू नका, पडलेलं उचलू नका, ते गरिबाचं हाये, असं देवानंच मोशेला सांगितलं. ज्याचं त्याला घेऊ दिलं, त्यात दान कसलं?”

“मग गुण कोणता?”

“हिला शिवायचं न्हाई, असा त्यानं आपल्या गड्यांना दम भरला. तुमी कधी सरवा येचला का, साहेब?”

ओसरीवर कुणीतरी फिसकन हसलं. भिकाबाई हसली नाही.

“म्या येचला. चौदा वर्साची व्हते. मालकाच्या गड्यानं मनगट धरलं. माय वरडून राहिली अन् मालक बांधावर हुबा राहून हसून राहिला. बवाज हसला न्हाई. त्यानं आपल्या मान्सांचे हात आवरले. त्यो त्याचा गुन.”

ज्याचं जळतं त्यालाच कळतं. हरिचंदांना हिब्रू येत होती, ग्रीक येत होती. ज्वारीच्या धसकटांत वाकून चालणं तेवढं ठाऊक नव्हतं. शहाण्या माणसानं टाक खाली ठेवून म्हटलं असतं, बाई, आणखी सांगा. यांनी पुस्तक उघडून पाहिलं. त्यात हे उत्तर नव्हतं.

“चूक. दानशूरपणा म्हणा, पास करतो.”

“खोटं कसं म्हनू, साहेब?”

टाकाच्या एका फटकाऱ्यानं भिकाबाई नापास झाली.

परतताना बैलगाडीत सटवाजी चिडून म्हणाला, “एक शब्द तं बोलायचा व्हता! आता वर्ग बंद पडंल.” हे मात्र तिला लागलं. दिवसभर राबून त्या बाया वर्गाला यायच्या. तुला काय वाटतं, असं त्यांना साऱ्या आठवड्यात फक्त तिथंच कुणी विचारायचं.

म्हणून पुढच्या वर्षी तिनं आपली भाची जिवनबाई परीक्षेला बसवली. सगळा जुना करार स्वतः शिकवला. रूथच्या गोष्टीशी आल्यावर म्हणाली, “इथं बुकातलंच सांग.”

“पन मावशे, तू तं—”

“माझं म्या बघते. तू पास व्हय.”

जे खोटं स्वतःच्या जिभेवर येऊ दिलं नाही, ते तिनं भाचीच्या जिभेवर ठेवलं. त्या दिवशी तिला घास गेला नाही. एका खऱ्या बाईवर ही पाळी आणणाऱ्याला कुणी विद्वान म्हणत असेल तर खुशाल म्हणो, मी निर्लज्ज म्हणेन.

जिवनबाई पास झाली, वर्ग चालू राहिला. नियमाप्रमाणे भिकाबाई मागच्या सतरंजीवर बसू लागली, आपणच शिकवलेल्या बायांच्या मागं.

अठ्ठेचाळीस साल सरत आलं. रझाकारांची धामधूम संपली, टपाल सुरळीत झालं आणि विद्यापीठाची एक पुस्तिका आली. बायबलच्या अध्यापनाचा इतिहास. त्यात गावाचं नाव आहे म्हणून सटवाजी हरखून गेला आणि भर वर्गात वाचू लागला.

“‘कुरुंदा. सन एकोणीसशे चाळीसमध्ये श्रीमती जिवनबाई उत्तीर्ण होऊन येथे शास्त्राच्या अध्यापनास प्रारंभ झाला. तत्पूर्वी या गावी असे अध्यापन नव्हते.’”

वाचून झाल्यावर त्याला अर्थ कळला, आणि त्याची मान खाली गेली.

पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या मंजुळाबाईनं विचारलं, “मंग मला रूथ कोनं सांगितली व्हती, सटवाजी?”

जिवनबाईचा चेहरा संतापानं लाल झाला. ती खुर्चीवरून उठली, बायांच्या मधून वाट काढत मागं गेली आणि मावशीला खेटून सतरंजीवर बसली. भिकाबाईनं तिचे हात आपल्या हातांत घेतले.

“थांबू नका, सटवाजी,” ती म्हणाली. “फुडं वाचा.”

सटवाजीनं पुस्तिका डोळ्यांजवळ नेली.

“‘डोंगरकडा,’” त्यानं पुढच्या गावाचं नाव वाचलं. “‘तत्पूर्वी या गावीही...’”