दुसरी टोपी

"वहिनी, सोडतोय बरं का लाइन! आता तुमच्याकडे अंधाराचं नाव नको!" खिंडीपलीकडचा ऑपरेटर फोनवर खुशीत ओरडला, आणि सबस्टेशनच्या खोलीत ड्युटीवर बसलेल्या बाईची नजर सहज खिडकीबाहेर गेली. आवारात जुन्या स्विचच्या दांड्यावर तिच्या नवऱ्याची खाकी टोपी लटकत होती.

"अहो थांबा, थांबा! माणूस वर आहे!"

फोन केव्हाच ठेवला गेला होता.

तिने नवी लाइन तोडायच्या लाल बटणावर अख्खा तळहात आपटला. खट् झालं. मीटरचा काटा शून्यावर होता. पण त्याआधी तो वर चढला होता का? देवा रे, ते तिने पाहिलंच नव्हतं!

आजवर गावाला वीज एकाच बाजूने यायची आणि येईल तेव्हा खरी. काही बिघडलं की लाइनमन दांडा खाली ओढून लाइन बंद करायचा, त्यावर आपली टोपी अडकवायचा आणि खांबावर चढायचा. टोपी दिसली की त्या दांड्याला हात लावायची कुणाची बिशाद नव्हती. आता खिंडीकडून दुसरी लाइन आली होती; एक बाजू गेली तरी दुसरी गाव सांभाळणार. म्हणजे वर चढायचं तर दोन्ही बाजू बंद हव्यात. साहेबांनी हे दहादा सांगितलं, लाइनमनने दहादा मान डोलावली. पण हाताची खोड जाते होय? हात जुन्याच दांड्याकडे गेला. त्यात नव्या लाइनची दुपारनंतरची चाचणी आत्ताच उरकायला घेतलेली. ते त्याला कोण सांगणार?

बाईने त्याला फोन लावला. टेकडीवरच्या खांबापाशी रेंज कधीच नसायची, तरी लावला. पुन्हा लावला. खुर्ची सोडून धावावं, तर मागे कुणी येऊन लाइन पुन्हा चालू केली म्हणजे?

फोन वाजला. साहेब होते. "बाई, कुणी बंद केली? इथे चाचणी बघायला गाव गोळा झालंय, पाहुणे खोळंबलेत."

"साहेब, आमचे हे खांबावर आहेत."

"त्यांनी दोन्ही बाजू बंद केल्यात ना?"

"नाही." तिला रडू फुटलं. "जिवंत आहेत की नाही, तेही ठाऊक नाही हो मला."

साहेब म्हणाले, "बटणापासून हलू नका. मी बघतो."

ती बटणावर हात ठेवून उभी राहिली. सकाळी निघताना ती त्याच्यावर खेकसली होती, टोपीला किती वास मारतोय म्हणून. बाई गं, तेच शेवटचं बोलणं ठरायचं!

फाटक करकरलं. तो आला. खांद्यावर दोर, चेहरा घामाने डबडबलेला, आणि स्वारी मजेत.

"झालं काम. आता कशी लागत नाही लाइट, बघतोच. अगं, अशी काय बघतेस? भूत बघितल्यासारखी?"

तिने नुसतं बोट दाखवलं. नव्या स्विचचा दांडा वरच होता.

"लाइन सोडली होती त्यांनी," ती म्हणाली.

तो हसायला गेला, पण हसू ओठांतच विरलं. खांबावर वायर धरलेला आपला हात त्याने उलटासुलटा करून पाहिला आणि मटकन पायरीवर बसला.

थोड्या वेळाने त्याने टोपी काढून घेतली. डोक्यावर मात्र घातली नाही. तिने लाइन सोडली. खाली गावात टाळ्यांचा कडकडाट झाला.

संध्याकाळी घरातला दिवा एकदाही फडफडला नाही. त्याच्या जुन्या पँटचा पाय कापून बाई दुसऱ्या दांड्यासाठी टोपी शिवायला बसली, पण सुईत दोरा काही जाईना.

"आण इकडे," म्हणत त्याने सुई घेतली.

दिव्याखाली धरून त्याने बराच वेळ खटपट केली. त्याच्याही हातून दोरा ओवला गेला नाही.